मंदीतील कामाचा शोध : गिरणीच्या फाटकापासून नोंदवहीपर्यंत

मंदीची पहिली दखल घेतली जाते ती उत्पादनाच्या, निर्यातीच्या आणि करवसुलीच्या आकड्यांतून. काम शोधणाऱ्या माणसाला ती त्याआधीच जाणवलेली असते. तेजीच्या दिवसांत कारखान्याच्या दारावर ‘कामगार पाहिजेत’ अशी पाटी लागते, ओळखपाळख नसलेल्या माणसालाही आत घेतले जाते आणि त्याच्या अननुभवाकडे काणाडोळा केला जातो. मंदी आली की ती पाटी निघते. जागा त्याही काळात रिकाम्या होतात. कोणी निवृत्त होतो, कोणी आजारी पडतो, कोणी गावी जाऊन परत येत नाही. परंतु अशी जागा रिकामी झाल्याची वार्ता बाहेर पोहोचण्यापूर्वीच ती आतल्या माणसाच्या भावाने, भाच्याने किंवा गाववाल्याने भरलेली असते. ज्याचे आत कोणी नाही, त्याच्या शोधाचा खर्च मंदीत अनेक पटींनी वाढतो. तो खर्च वेळेचा असतो, प्रवासाचा असतो आणि पुष्कळदा मध्यस्थाच्या हातावर ठेवलेल्या पैशाचाही असतो.

हा खर्च कमी कसा करावा, या प्रश्नाचा महाराष्ट्रातील इतिहास मुंबईच्या कापड गिरण्यांच्या फाटकाशी सुरू होतो. आज रोजगार नोंदणी ही एक सरकारी औपचारिकता समजली जाते. ती का निर्माण झाली, तिने काय साधले आणि तिला काय साधता येणे शक्यच नव्हते, हे पाहण्यासाठी त्या फाटकापर्यंत मागे जावे लागते.

जॉबरची सत्ता

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापर्यंत या गिरण्यांत लाखाहून अधिक माणसे काम करू लागली होती. त्यांपैकी फार मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरील सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतून आलेला होता. एवढ्या माणसांची भरती करण्यासाठी गिरण्यांच्या कचेऱ्यांत स्वतंत्र व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. ते काम खात्यातील जॉबर म्हणजे मुकादम करीत असे. स्त्रियांच्या खात्यांत हाच अधिकार नायकिणीकडे असे. माणूस कामावर घेणे, काढणे, रजा देणे आणि काम वाटणे या सर्व गोष्टी जॉबरच्या शब्दावर चालत.

जॉबर हा केवळ शोषक होता असे म्हणणे एकांगी ठरेल. कोकणातून बोटीने उतरलेल्या पोराला शहरात दुसरा आधार नसे. जॉबर त्याला गावकीच्या खोलीत वळकटी टाकायला जागा मिळवून देई, खाणावळीत उधारीसाठी शब्द टाकी आणि यंत्रापाशी उभे राहायला शिकवी. गिरणीलाही ओळखीचा, जबाबदार धरता येईल असा माणूस मिळे. तेजीत ही व्यवस्था दोन्ही बाजूंना सोयीची होती. मात्र कामापेक्षा माणसे अधिक झाली की त्याच व्यवस्थेचे दुसरे रूप पुढे येई. जागा मिळवण्यासाठी दस्तुरी द्यावी लागे आणि मिळालेली जागा टिकवण्यासाठी ती पुन्हा द्यावी लागे. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात या प्रथेवर नेमके बोट ठेवले. कामगार घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा व त्यासाठी गिरण्यांनी कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस आयोगाने केली.

बदली कामगाराचा दिवस

गिरणीत कायम कामगारांखेरीज एक मोठा वर्ग असे, तो बदली कामगारांचा. कायम कामगाराचा खाडा झाला, तो आजारी पडला किंवा शेतीच्या हंगामात गावी गेला, की त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरता बदलीवाला उभा राही. भोंगा होण्याच्या सुमारास ही माणसे फाटकाशी जमत. जॉबर बाहेर येई, हवे तेवढे निवडी आणि उरलेल्यांना परत पाठवी. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच सर्व पुन्हा घडे.

१९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात गिरण्यांनी एका कामगाराकडे अधिक साचे सोपविण्याच्या योजना आणल्या. त्यांतून कामगारकपात झाली. १९२८ चा दीर्घ संप झाला आणि पाठोपाठ १९२९ पासून जागतिक मंदीची लाट येऊन थडकली. १९३३ आणि १९३४ या वर्षांत अनेक गिरण्या बंद पडल्या, चालू गिरण्यांत मजुरी घटविण्यात आली आणि १९३४ मध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला. त्या वर्षी मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने मजुरी व बेकारी या दोन प्रश्नांची एकत्र चौकशी केली. कालपर्यंत कायम असलेला विणकर आता फाटकाशी बदलीवाल्यांच्या रांगेत उभा होता.

त्या रांगेचा एक पैलू लक्षात घेण्यासारखा आहे. बदलीवाल्याला रोज हजर राहावे लागे. चार दिवस तो दिसला नाही तर जॉबरच्या लेखी त्याचे नाव पुसले जाई. त्यामुळे काम मिळाले नाही तरी त्याला दुसरीकडे शोध घेण्याची सवड नसे. सकाळी एका फाटकावर नकार मिळेपर्यंत इतर फाटकांवरची निवड संपलेली असे. पूर्ण बेकार माणूस निदान गावी परतू शकतो किंवा दुसरा धंदा धरू शकतो. अधूनमधून काम मिळणाऱ्याला आशाच जागेवर बांधून ठेवते, आणि मधल्या दिवसांची उधारी खाणावळीच्या आणि सावकाराच्या वहीत चढत जाते.

१९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रणाची पद्धत सुरू केली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ठरावीक संख्येच्या कामगारांना विशेष बदली कार्डे द्यावयाची, त्यांनी रोज हजर राहावयाचे आणि तात्पुरत्या जागा शक्यतो त्यांच्यामधूनच भरावयाच्या, असे तिचे स्वरूप होते. जॉबरच्या मर्जीऐवजी कागदाचा एक तुकडा प्रथमच फाटकावर आला. तथापि हे कार्ड एका गिरणीपुरतेच होते. शेजारच्या गिरणीत माणसे कमी पडत असली तरी या कार्डाचा तेथे काही उपयोग नव्हता.

दहा फाटके आणि एक यादी

नेमक्या याच दोषाचा विचार इंग्लंडमध्ये विल्यम बेव्हरिज यांनी पूर्वीच मांडला होता. (बेव्हरिज यांचा जन्म १८७९ मध्ये बंगालमधील रंगपूर येथे झाला, त्यांचे वडील तेथे सरकारी सेवेत होते.) लंडनच्या गोदीवरील हंगामी मजुरांची स्थिती मुंबईच्या बदलीवाल्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. प्रत्येक धक्क्यावर मजुरांचा वेगळा घोळका थांबे आणि एका धक्क्याला दुसऱ्याची खबर नसे. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बेव्हरिज यांनी असे प्रतिपादन केले की, बेकारीचा काही भाग हा कामाच्या अभावाचा नसून कामाच्या बाजाराच्या विस्कळितपणाचा असतो. त्याच वर्षी ब्रिटनने श्रमविनिमय कार्यालयांचा कायदा केला आणि १ फेब्रुवारी १९१० रोजी ६२ कार्यालये एकाच दिवशी उघडली.

त्यांचे तर्कशास्त्र एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, दहा गिरण्या आहेत आणि प्रत्येकीला जास्तीत जास्त १०० बदली कामगार एखाद्या दिवशी लागू शकतात. म्हणून प्रत्येक फाटकावर १०० माणसे ठेवली जातात, म्हणजे एकूण १,०००. पण सर्व गिरण्यांची गरज एकाच दिवशी शिखराला पोहोचत नाही. सर्वांची मिळून रोजची गरज ७०० असेल, तर दररोज ३०० माणसे रिकाम्या हातांनी परततात. परतणारी माणसे रोज वेगळी असल्यामुळे हजारांपैकी कोणीही रांग सोडत नाही आणि प्रत्येकाला दहा दिवसांत सातच दिवस काम मिळते. आता दहा फाटकांऐवजी एकच यादी केली आणि तीत ७५० नावे ठेवली, तर प्रत्येकाला पंधरा दिवसांत चौदा दिवस काम मिळेल.

राहिलेल्या २५० जणांचे काय? सोयीचा नसला तरी मुद्द्याचा प्रश्न हाच आहे. एक यादी केल्याने एकही नवे काम निर्माण होत नाही. ती ७५० कुटुंबांची चूल नियमित पेटवते आणि २५० जणांना स्पष्ट शब्दांत सांगते की, येथे तुमच्यासाठी काम नाही. पूर्वी हा नकार हजारांत थोडा थोडा वाटला जात होता, म्हणून तो कोणाला दिसत नव्हता. स्पष्ट नकार कठोर असतो, परंतु त्यामुळे माणूस मोकळा होतो. त्याला प्रशिक्षण, दुसरा उद्योग किंवा दुसरे गाव यांचा विचार करता येतो. मात्र तो विचार करण्यासाठी लागणारी मदत शासनाने आणि समाजाने पुरवली नाही, तर यादीची सुधारणा त्या २५० जणांच्या खर्चाने झाली असेच म्हणावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये अहमदाबादेत आणि १९५० मध्ये मुंबईत कापड गिरण्यांसाठी अशी सामाईक नोंदणीची योजना सुरू झाली. नोंदलेल्या कामगारास ओळखपत्र देऊन गिरण्यांच्या मागणीनुसार पाठविण्यात येई. योजना ऐच्छिक स्वरूपाची असल्याने तिची परिणामकारकता गिरण्यांच्या सहकार्यावर अवलंबून राहिली. गोदी कामगारांसाठी १९४८ चा केंद्रीय कायदा झाला. त्याहून पुढचे पाऊल महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने टाकले. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून आलेल्या या कायद्यान्वये मंडळाकडे कामगाराबरोबरच मालकाचीही नोंदणी होऊ लागली आणि मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. डोक्यावर पोते वाहणाऱ्या माणसाला भविष्य निर्वाह निधी मिळावा, ही कल्पना त्या काळी देशात नवीन होती.

सेवायोजन कार्यालये

गिरण्यांबाहेरच्या व्यापक क्षेत्रात शासनाने हीच कल्पना कशी राबविली, ते पाहू. सार्वजनिक आणि विनामूल्य रोजगार कार्यालये चालविण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेत झाला होता. भारत सरकारने त्यास १९२१ मध्ये मान्यता दिली आणि १९३८ मध्ये ती काढून घेतली. मधल्या सतरा वर्षांत, म्हणजे मंदीचा सर्वांत कठीण काळ ज्यात आला त्या वर्षांत, देशव्यापी कार्यालये उभी राहिलीच नाहीत. ती उभी राहिली १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातून मुक्त झालेल्या सैनिकांसाठी. १९४७ मध्ये निर्वासितांचे काम त्यांच्याकडे आले आणि १९४८ च्या आरंभी ती सर्व नागरिकांना खुली झाली. बी. शिवराव समितीच्या शिफारशींनुसार १ नोव्हेंबर १९५६ पासून त्यांचे दैनंदिन प्रशासन राज्यांकडे सोपविण्यात आले.

रिक्त जागा सक्तीने अधिसूचित करण्याचा १९५९ चा अधिनियम १ मे १९६० रोजी अंमलात आला. योगायोगाने तो महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचाच दिवस. सार्वजनिक क्षेत्रातील सर्व आस्थापनांनी आणि २५ किंवा अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनांनी आपल्या रिक्त जागा कार्यालयास कळवाव्यात, असे बंधन त्याने घातले. परंतु कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारासच घ्यावे, असे बंधन मात्र नव्हते. अधिनियमाच्या चौथ्या कलमात तसे स्पष्टच नमूद होते. जागा न कळविल्यास पहिल्या अपराधाला ५०० रुपयांपर्यंत दंड होता. थोडक्यात, कायद्याने जागेची वार्ता दारापर्यंत आणली, दार उघडले नाही. पुढे ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आली आणि खाजगी आस्थापनांसाठीची मर्यादा २५ ऐवजी २० ठेवण्यात आली.

कित्येक वर्षे सरकारी नोकरीसाठी या कार्यालयाचे बोलावणे हाच राजमार्ग होता. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन नाव नोंदवावयाचे, कार्ड जपून ठेवावयाचे, मुदतीत नूतनीकरण करावयाचे आणि वाट पाहावयाची. नूतनीकरण चुकले तर ज्येष्ठता जाई. वाट पाहण्यात वयोमर्यादा उलटून गेलेले पदवीधर तालुक्यातालुक्यात होते. त्यांची स्थिती फाटकावरच्या बदलीवाल्याहून तत्त्वतः वेगळी नव्हती. कार्ड त्यांनाही बांधून ठेवीत होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, कार्यालयाकडून नावे मागविण्याबरोबरच वृत्तपत्रे आदी माध्यमांतून जाहिरात द्यावी आणि थेट अर्ज करणाऱ्यांचाही विचार व्हावा. त्यामुळे नोंदणी न केलेल्यांना संधी खुली झाली आणि त्याचबरोबर प्रत्येक जाहिरात स्वतः शोधण्याची जबाबदारीही उमेदवारावर आली. २०१५ मध्ये राष्ट्रीय करिअर सेवेचे संकेतस्थळ सुरू झाले. महाराष्ट्रात ‘महास्वयम्’ संकेतस्थळावर ऑनलाइन नोंदणी होऊ लागली.

या नोंदींच्या आकड्यांविषयी एक खुलासा आवश्यक आहे, कारण सभांतून त्यांचा गैरवापर वारंवार होतो. नोंदवहीतील नावांची संख्या ही बेकारांची संख्या नव्हे. तीत शिकत असलेले विद्यार्थी असतात, अधिक चांगल्या जागेच्या शोधातील नोकरदार असतात. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी कधीही न पोहोचलेला शेतमजूर तीत नसतो. भारतात बेकारी एकाच आकड्यात मोजणे युक्त नाही, असे प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० मध्येच दाखवून दिले होते. त्यानंतर १९७२-७३ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीने पंचवार्षिक पाहण्या सुरू केल्या आणि २०१७ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण होऊ लागले. जिल्ह्यातील मंदीचा अंदाज घेताना नोंदणीपेक्षा या पाहण्यांचा आधार अधिक भरवशाचा ठरतो.

यादी पुरत नाही तेव्हा

१९७२ च्या दुष्काळाने यादीची मर्यादा उघड केली. शेतीच थांबली होती. वाटून देण्याजोगे काम शिल्लक नव्हते. मे १९७३ च्या सुमारास सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, तिला रोजगार हमी योजनेचे रूप आले. १९७७ चा अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. येथे नोंदणीचा अर्थच बदलला. गावात नाव नोंदवून ‘नमुना ४’ मध्ये काम मागितले की पंधरा दिवसांत काम देणे, अन्यथा भत्ता देणे, हे शासनाचे कर्तव्य ठरले. शहरातील नोकरदारांकडून व्यवसाय कर घेऊन खेड्यातील मजुराला काम देण्याची ही व्यवस्था २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला मार्गदर्शक ठरली. मात्र ती अंगमेहनतीच्या कामापुरती होती. पदवीधराला किंवा यंत्रावरील कुशल कामगाराला तिच्यात फारसे स्थान नव्हते.

ही उणीव दहा वर्षांतच मुंबईत दिसली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुष्कळांना पुन्हा फाटकाच्या आत जाता आले नाही. वीस वर्षे एकाच खात्यात काम केलेल्या चाळिशीच्या माणसाला सेवायोजन कार्यालयात नोंदविण्याजोगी पात्रता नव्हती आणि रोजगार हमीच्या खडी फोडण्यात त्याचे कसब वाया जाणार होते. कोणी भिवंडीच्या यंत्रमागावर कमी मजुरीत गेले, कोणी पहारेकरी झाले, कोणी भाजीची पाटी लावली, कोणी कोकणात परतले. त्यांच्या घरातील स्त्रियांनी डबे आणि शिवणकाम करून संसार सावरले. त्या श्रमांची नोंद कोणत्याच वहीत झाली नाही.

गावातील तयारी

मंदीतील शोधाचा काही खर्च गावातच वाचविता येतो आणि तो वाचविणारी माणसे म्हणजे शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य. शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीतील नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख इतर कागदपत्रांशी जुळत नसेल, तर निवड होऊनही कागदपत्रांच्या तपासणीत उमेदवार अडतो. शाळा सोडल्यानंतर ही दुरुस्ती अवघड होते. म्हणून दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद पालकांसमक्ष वाचून घेणे उपयुक्त ठरते. जात प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी यांनाही वेळ लागतो. जाहिरात निघाल्यावर त्यासाठी धावणाऱ्याची मुदत पुष्कळदा टळते.

मंदीत नोकऱ्या घटल्या तरी शिकाऊ उमेदवारीच्या जागांकडे लक्ष ठेवणे हिताचे असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमान्वये कारखान्यांना अशा जागा ठेवाव्या लागतात आणि उमेदवारास विद्यावेतन मिळते. काही महिने घरी बसलेल्या आणि तेच महिने कारखान्यात शिकाऊ म्हणून काढलेल्या दोन तरुणांत तेजी परतल्यावर कोणाला आधी बोलावणे येते, हे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांना चांगले ठाऊक असते.

दस्तुरी मात्र गेली नाही, तिने वेष बदलला. बनावट नेमणूकपत्र, ‘प्रशिक्षणाची अनामत’, ‘साहेबांसाठी’ मागितलेली रक्कम, परदेशी पाठविण्याचे आमिष अशी तिची नवी रूपे आहेत. शासकीय भरतीत जाहिरातीत छापलेल्या परीक्षा शुल्काखेरीज काहीही द्यावे लागत नाही. परदेशातील नोकरीसाठी १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाने एजंटाची नोंदणी सक्तीची केली. पैसे देण्याआधी त्याचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येतो. बहुतेक कुटुंबे ही चौकशी शेत गहाण टाकल्यानंतर करतात. ग्रामसभेत याची माहिती सुगीनंतर लगेच, लोकांच्या हातात पैसा असतो त्या काळात दिली, तर ती वेळेवर पोहोचते.

२०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून गावोगावी परतलेल्यांमध्ये गवंडी, वीजतंत्री, वेल्डर, चालक, स्वयंपाकी अशी नाना कसबांची माणसे होती. ग्रामपंचायतींनी त्यांची नावे विलगीकरणासाठी लिहून घेतली. कोण काय काम जाणतो, हा रकाना बहुतेक याद्यांत नव्हता. तो रकाना असलेली वही पंचायतीत कायम ठेवता येते. गावातील कोण कोणत्या शहरात कोणते काम करतो, परत कधी आला, त्याच्या मालकाचा पत्ता काय, एवढ्या नोंदी तीत पुरतात. शेजारच्या दहा गावांच्या अशा वह्या तालुक्याला एकत्र वाचल्या गेल्या, तर ज्याचे आत कोणी नाही अशा मुलालाही कोणत्या दाराशी जावे हे घर सोडण्यापूर्वी कळू शकते.